चव कोणी घेतली

१

मंगळवारी दुपारी पाऊण वाजता जांभूळटेपच्या शाळेत चोवीस पोरं ताटं धुऊन ओळीत बसली होती. त्यांच्यासाठी शिजवलेली खिचडी मात्र स्वयंपाकाच्या शेडमध्ये जमिनीवर सांडली होती.

ते पहिल्यांदा पाहिलं चिमाबाईने, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईने. हापशावरून कळशी भरून ती परत आली, तर शेडच्या दाराला बाहेरून कडी. जाताना तिने दार नुसतं ओढून घेतलं होतं. तिने कडी सरकवली आणि उंबऱ्यातच थबकली. मोठा टोप चुलीवरून खाली, आडवा. खिचडी भिंतीपासून दारापर्यंत, अजून वाफाळती. आणि त्या पिवळ्या खिचडीवर चुलीतली राख, भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबावर असते तशी सगळीकडे सारखी पसरलेली.

चिमाबाई ओरडली नाही. कळशी खाली ठेवून, पदर तोंडाशी धरून ती तशीच उभी राहिली.

दोन वाजता बाहेरगावची पाहणी समिती आली. दारावर स्वागताचं कापड होतं आणि पोरांच्या पुढ्यात रिकामी ताटं होती. संध्याकाळी तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. सरकारी अन्नाची नासाडी झाली आहे, शेडमध्ये बाईशिवाय कोण असतं, चौकशी करून तिच्यावर गुन्हा दाखल करा.

चिमाबाई साठीची. घरात ती आणि तिसरीतली नात प्रियांका, तिसरं माणूस नाही. म्हातारीला पोलिसांनी नेलं तर त्या पोरीला उठवून शाळेत पाठवणारंही कोणी उरत नव्हतं.

बुधवारी सकाळी चिमाबाईच्या दोन कोंबड्या अंगणात मरून पडल्या होत्या.

२

त्याच दिवशी चौकशीला शिक्षण खात्यातल्या रत्नप्रभाबाई रोकडे आल्या, मुरबाडहून. शेणव्यापर्यंत एसटी आणि पुढे पायवाट. भात पिकायला आलं होतं, लोंब्या वाकून पायवाटेवर आल्या होत्या. बाई एकेक लोंबी हाताने बाजूला सारत चालत होत्या, झोपलेल्या मुलाचे केस सारावेत तशी. नोकरीला एकतीस वर्षं झाली होती, आठ महिने उरले होते. पिशवीत साहेबांचं पत्र होतं, आणि शेणव्याच्या नाक्यावरून घेतलेले सहा वडापाव.

पत्रात चौकशी कशाची, हे नव्हतं. 'चिमाबाईंवर आरोप निश्चित करण्यासाठी', एवढंच होतं.

त्यांनी आधी कोंबड्या पाहिल्या.

"ह्या शेडमध्ये गेल्या होत्या?"

"खिडकीतून घुसल्या," चिमाबाई म्हणाली. "राख उकरून दोन दाणे खाल्लं असतील. तेवढ्यात मी हाकलल्या त्यांना."

मग टोप. चौकशी होईपर्यंत हात लावू नका असा हुकूम होता, म्हणून तो घासलेला नव्हता. बाई गुडघ्यावर बसल्या. काजळी धरलेल्या टोपाच्या दोन बाजूंना, काठाच्या खाली, दोन पांढरट पट्टे होते. त्यांनी बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"तू टोप कशानं धरतेस?"

"हे काय, फडकं. खांद्यावरच असतं. पाण्याला गेली का त्याचीच चुंबळ करते नि डोक्यावर घेते. घरातली पोर हसते मला, बोलते आजे, मेलीस का फडकं तुझ्यासंगं जाळू."

बाईंना हसू आलं. मग त्यांनी चव रजिस्टर मागवलं.

पोरांना वाढण्याआधी अर्धा तास अन्न कोणीतरी मोठ्या माणसाने खाऊन बघायचं आणि वहीत सही करायची, असा नियम. जांभूळटेपच्या वहीत सह्या चार: स्वयंपाकीण, शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा समितीचे अध्यक्ष. मंगळवारसमोर चारही होत्या. 'चव उत्तम.'

बाईंनी पान उलटलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चारही सह्या. चव उत्तम.

शुक्रवार अजून उगवायचा होता.

३

"सोमवारीच करून ठेवतो आम्ही," शाळेतले शिक्षक हरेश सर म्हणाले. अठ्ठावीस वर्षांचा, चटपटीत पोरगा. रोज कल्याणहून लोकलने आटगाव, तिथून मोटरसायकल. "टाइम वाचतो, मॅडम. पाच वीसची चुकली की मग घरी अंधारच."

"म्हणजे शुक्रवारची आमटी उत्तम झाली."

"होणारच. चिमाबाई करते ती."

बाईंनी वडापाव पुढे केला. हरेशने आधी कागदात तळलेली मिरची आहे का ते पाहिलं, ती देठापर्यंत चावून खाल्ली, सी सी करत दुसरी मागितली.

"काल फोडणी पडली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"वर्गात. कसला तरी उग्र वास आला ना वर्गापर्यंत. डोळे चुरचुरले. मी अनिल गुरुजींकडे पाहिलं, गुरुजी वहीत पाहत होते. मग मी पाढे म्हणायला लावले पोरांना."

"सत्ताविसाचा पाढा म्हटल्यावर वास गेला?"

हरेश चावायचा थांबला. "मॅडम, सगळ्यांना येत होता वास. सगळे गप्प होते. मला वाटलं, काहीतरी ठरलेलं असेल वरून. मी इथे सगळ्यात नवा."

"तुम्ही ती खिचडी जेवला असता?"

"मी डबा आणतो," तो म्हणाला, आणि उरलेला पाव त्याने कागदात गुंडाळून ठेवला.

शाळा समितीचे अध्यक्ष काळूराम विशे. गावात एकच टेम्पो, तो त्यांचा. शाळेचा धान्य-तेलाचा माल तेच आणायचे. त्यांनी वडापाव दोन घासांत संपवला, वर बशीत ओतून कढत चहा भुरकला आणि मग घसा साफ केला.

"खोटं कशाला बोलू, बाई. भातावर मारायच्या औषधाचा कॅन होता मागं. वळणावर कलंडला. तेलाच्या डब्याचं झाकण सैल. किती गेलं आत, नाय गेलं, देवाला ठाऊक."

"मग डबा परत का नाही नेलात?"

"साहेबांना फोन केलता की. बोलले, माल पोचव, सही घे, बाकी मी बघतो." काळूरामांनी बशी पुसली. "साहेब बघतो बोलला, मग आमी काय बघायचं? समोर नुसता रस्ता दिसत व्हता, बाई. डबा पोचवायचा, तेवढाच."

"काल पाऊण वाजता कुठे होता?"

"दारावर कापड बांधत. एकटाच. कोण साक्ष देणार? वरती बसलेला कावळा."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांच्या मनात एक गोष्ट मात्र पक्की झाली होती. टोप धक्क्याने पडला असता तर त्यावर राख कोण पसरणार? चिडून सांडली असती तरी राख कशाला? राख पसरली, दाराला कडी घातली. ज्याने सांडली त्याला ठाऊक होतं की ह्यातला एक दाणाही कोणाच्या पोटात जाता कामा नये.

मग तो ठाऊक असलेला माणूस चोवीस पोरांसमोर येऊन 'खाऊ नका' असं नुसतं बोलला का नाही?

४

मुख्याध्यापक अनिल गुरुजींनी वडापाव नाकारला. "उपवास आहे."

पन्नाशीचा उंच, वाकलेला माणूस. अक्षर इतकं सुरेख की फळ्यावरची कालची तारीखही पुसू नये वाटावं. माठातलं पाणी घोट घोट घेत होते, प्रत्येक घोट तोंडात धरून. बोलणं एकेका शब्दाचं.

"तेलाला वास आहे, हे साहेबांना कळवलंत?"

"कळवलं."

"काय म्हणाले?"

"फोडणीत जाईल. पाहणी समितीच्या दिवशी चूल बंद दिसता कामा नये."

"आणि तुम्ही?"

"हो म्हणालो."

"चिमाबाईला?"

"शिजवा म्हणालो."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. नाव पाहिलं आणि गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले, ताठ, दुसरा हात मांडीला चिकटवून. समोर भिंत होती. भिंतीला ते पाच वेळा 'हो साहेब' म्हणाले. फोन ठेवल्यावर आपण उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते ओशाळून खाली बसले.

चिमाबाई पायरीवर तांदूळ निवडत होती. बाई तिच्याशेजारी टेकल्या आणि त्यांनीही सूप पुढ्यात ओढलं.

"तुला वास आला होता."

"आला तर. मी बोलली गुरुजींना, तेल बरं नाय. ते बोलले, साहेबांचा आदेश हाय."

"तरी शिजवलंस."

चिमाबाईची बोटं तांदळात थांबली. "शिजवलं. हलवत व्हती नि मनात बोलत व्हती, चिमे, हे बरं नाय. पण एवढी शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक असंल ना काय ते. माझ्या नाकापरीस साहेबाचा शब्द मला खरा वाटला, बाई. चाळीस वर्सं चूल फुंकली ह्या नाकानं."

"टोप कोणी आडवा केला?"

"ते इचारू नका."

"नाव तुझं लागतंय. पोलीस येतील."

"येऊ देत. माझी प्रियांका ओळीत पयली बसते. पयला घास तिचाच व्हता." तिने डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच तांदळात पडलं. "ज्यानं सांडलं, त्याच्यावर मी बोट दाखवू? त्याच्या उपकारातून मी ह्या जन्मी सुटायची नाय."

बाईंनी दोन-चार खडे वेचले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आज कसला उपवास गं? आमच्याकडे नसतो, मला कळत नाही त्यातलं."

"आज? आज बुधवार. आज काय नाय. चतुर्थी तर गेल्या आठवड्यात झाली."

बोलून गेल्यावर चिमाबाईने बाईंकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

फोन वाजला. ह्या वेळी बाईंचा. साहेबांचा आवाज शांत होता, जवळजवळ मायेचा. "रोकडेबाई, पाच वाजेपर्यंत अहवाल. तेलाबिलाचं काही नको त्यात. नाव त्या बाईचं टाका. जबाबदारी माझी. तुमचे आठच महिने राहिलेत, नीट पार पडू द्या."

आणि रत्नप्रभाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हो, साहेब."

५

तीन वाजता बाईंनी चौघांना दुसरीच्या वर्गात बसवलं. पोरांची बसकी बाकं, माणसांचे गुडघे हनुवटीला लागलेले.

"आधी माझं सांगते," बाई म्हणाल्या. "आत्ता साहेबांनी मला खोटा अहवाल लिहायला सांगितला. मी हो म्हणाले. विचार करून नव्हे. विचार सुरू व्हायच्या आधीच. एकतीस वर्षं जीभ त्याच वळणाने गेली आहे. तेव्हा तुमच्यापैकी कोणावर डोळे वटारायला मी आलेली नाही."

बाईंनी चव रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं.

"काळूरामभाऊंना वाटलं, साहेब बघतील. गुरुजींना वाटलं, साहेबांनी सांगितलंय. चिमाबाईला वाटलं, गुरुजी म्हणाले म्हणजे असेल. हरेश सरांना वाटलं, सगळे गप्प आहेत म्हणजे ठीक असेल. खिचडी चौघांनी शिजवली. पण पाऊण वाजता एकाने तिच्याकडे पाहिलं, साहेबांच्या शब्दाकडे नाही.

"टोप कढत होता. धरायला काहीतरी लागतंच. चिमाबाईने केलं असतं तर फडक्याने धरलं असतं. पण फडकं तेव्हा तिच्या डोक्यावर होतं, कळशीखाली. टोपाला खडूची भुकटी लागली आहे, दोन्ही बाजूंना. ज्याने धरला त्याने फळा पुसायची डस्टर घेतली होती. काळूरामभाऊ कापड बांधत होते. ते डस्टर आणायला वर्गात कशाला जातील, त्यांच्या गळ्यात उपरणं असतं. म्हणजे राहिले दोन मास्तर."

हरेशने मान वर केली. "मॅडम, मी नाही केलं." मग हळू आवाजात, "करायला हवं होतं."

"ठाऊक आहे. राख पसरण्याइतकी खात्री नुसत्या वासाने होत नाही. वास सगळ्यांना आला होता. ती खात्री जिभेला झाली. सह्या चार आहेत, पण चव एकानेच घेतली. आणि ज्याची जीभ काल अशा तेलाने पोळली, तो आज दोन मिरच्या देठापर्यंत खाऊ शकत नाही. कढत चहाही पिऊ शकत नाही. तो गार पाणी तोंडात धरून ठेवतो, आणि उपवास नसताना उपवास सांगतो."

बाईंनी गुरुजींच्या टेबलाचा खण उघडला. आत दोन डस्टर होती. दोन्हींचं बनातीचं कापड करपून कडक झालेलं.

अनिल गुरुजी उभे राहिले. बाक त्यांच्याबरोबर वर आलं, ते हरेशने धरलं.

"पोरं श्लोक म्हणत होती," ते म्हणाले. जीभ जड होती, शब्द सावकाश येत होते. "मला वाटलं, सही केली आहे, निदान एकदा चव घ्यावी. चमचाभर घेतली. तोंड पेटलं. फोन काढला, साहेबांचं नाव पडद्यावर आलं, आणि बाई, माझा अंगठा पुढे जाईना. नाही म्हणायचं होतं फक्त. तेही नको, पोरांना नुसतं उठा म्हणायचं होतं. तोंड उघडेना. मग हातांनी काय केलं ते हातांनी केलं."

"आणि चिमाबाईचं नाव आल्यावर?"

"रात्रभर कागद घेऊन बसलो होतो. लिहवेना."

"मला म्हाईत व्हतं," चिमाबाई म्हणाली. "मी पाण्याला असताना गुरुजी हापशावर आलं, पाच-सहा चुळा भरल्या नि तोंड न पुसता गेलं. मला बघितलंबी नाय त्यांनी. शेडचं दार उघडलं नि समजली."

"मग धरून का नाही दिलंत मला?" गुरुजी तिच्याकडे वळून म्हणाले. "तुमच्यावर आलं होतं सगळं."

"धरायचं कशाला? पाय धरायचे का हात, तेच ठरंना."

काळूराम पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता उपरण्याने डोळे टिपू लागले.

रत्नप्रभाबाईंनी फोन काढला, टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला. "साहेब, मघाशी मी हो म्हणाले, ते मागे घेते. तेलाचा डबा सील करून पंचांसमोर ताब्यात घेतला आहे. अहवालात पाच जणांची नावं आहेत. पहिलं तुमचं. चिमाबाईंवर आरोप नाही."

मग साहेब म्हणाले, "कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही, साहेब."

गुरुजी फोनजवळ वाकले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "साहेब, मी अनिल भेरे. मी सांडली. लेखी देतो."

६

अहवाल वरपर्यंत गेला. साहेबांची चौकशी लागली, ती अजून चालू आहे. काळूराम आता माल वेगळा आणि औषध वेगळं, अशा दोन खेपा करतात. चव रजिस्टरची वही नवी आली. हरेश सर डबा आणत नाहीत, वाढण्याआधी अर्धा तास चुलीपाशी ताट घेऊन बसतात, आणि चिमाबाई त्यांना भस्म्या म्हणते. गुरुजींना नोटीस मिळाली आणि जूनमध्ये बदली झाली, उंबरमाळीच्या पलीकडच्या एका शाळेत.

ते जायच्या सकाळी गाव शाळेच्या टेकाडावर, टेपावर, जमलं. रत्नप्रभाबाई निवृत्त होऊन पंधरा दिवस झाले होते. त्या मुरबाडहून मुद्दाम आल्या, आणि चिमाबाईने त्यांच्या हातात आरतीचं ताट दिलं.

"नको," गुरुजी मागे सरले. "मला ओवाळू नका. शिजवा असं मीच सांगितलं होतं."

"ठाऊक हाय," चिमाबाई म्हणाली. "नि शिजवलं मी. त्याचा जाब तुमी द्याल, मीबी देईन, देवाला नि सरकारला. तो झाला एक हिशोब. माझी नात तिसरीची चवथीत गेली, हा दुसरा. ह्यातून तो वजा करायचा नसतो, गुरुजी. तुमीच मास्तर, तुमाला मी काय शिकवू?"

गुरुजींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"जरा वाका. तुमी ताडासारखे, मला कपाळ गावत नाय."

ते वाकले. तिने कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या. प्रियांका आणि तेवीस पोरं टेम्पोभोवती उभी होती. ऊन नुकतं शेतांवर उतरत होतं, राबात कोवळी रोपं वर आली होती. चिमाबाईने पदर सावरला आणि लावणीच्या वेळी धरतात तसा सूर धरला:

उगवली सकाळ गो, टेपावरी ऊन सांडीते,
चोवीस लेकरांच्या गुरुजीला औक्ष मागीते.

दुसरी ओळ गावातल्या बायांनी उचलली. रत्नप्रभाबाईंना चाल ठाऊक नव्हती, पण ताट हातात धरून त्याही म्हणू लागल्या.